चार सेकंदांचा दम

निकिता : डोळे मीट. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं.

जीवन : ताई, ही जाहिरात मीच केलीय. दोनशे वेळा तरी ऐकली असंल.

निकिता : दोनशे वेळा बघितलीस. मीट डोळे. आता ती पोरगी उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकते... आता पडदा काळा होतो... हां. हा दम. चार सेकंद नुसता अंधार आणि दम. कोणाचा आहे हा?

जीवन : साउंड लायब्ररीतला. तिथं सगळे आवाज तयार मिळतात. दार वाजल्याचा, बैलगाडीचा, कुत्रं भुंकल्याचा. धापा तर शंभर प्रकारच्या असतात.

निकिता : जीवन.

जीवन : आधी चहा तरी टाक की. सेलू स्टेशनवर उतरल्यापासून तोंडात पाणी गेलं नाही माझ्या, आणि तू डोळे मिटायला लावतेस. भाऊ आलाय का आरोपी?

निकिता : चहा मिळेल. साक्षीची सकाळची शाळा आहे, साडेअकराला येते. ती यायच्या आत मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. जानेवारीपासून ती झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून मी श्वास मोजते. मिनिटाला किती, ते वहीत लिहिते. आत घेताना शेवटी बारीकसं अडकतं, आणि चौथ्या श्वासाला ती गिळते. परत लावते. ऐक. एक... दोन... तीन... आता. गिळलं का नाही?

जीवन : गिळलं.

निकिता : लायब्ररीतल्या पोरीनं माझ्या पोरीसारखं कसं गिळलं?

जीवन : साक्षीचाच आहे. बस? दिवाळीचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आईकडं राणीसावरगावला.

निकिता : त्या बुटांच्या दिवशी.

जीवन : हो. मी तिला बूट आणले होते ना, ह्या जाहिरातीच्याच कंपनीचे. ती म्हणाली, मामा, शेतातून घरापर्यंत पळून दाखवते, तू घड्याळ लाव. मी घड्याळ लावलं. ती दारात येऊन वाकली, गुडघ्यावर हात टेकवून. तो आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला गं माझ्या. म्हटलं, हे आपल्याला स्टुडिओत जन्मात मिळणार नाही. मोबाइल पुढं केला.

निकिता : मोबाइल. पाण्याचा तांब्या नाही.

जीवन : तेव्हा कुठं माहीत होतं कोणाला काही?

निकिता : दिवाळीत नव्हतं. जानेवारीत होतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तुला दवाखान्याच्या पायऱ्यांवरून फोन केला. म्हटलं, साक्षीच्या हृदयाची झडप गळतेय. लहानपणी घसा धरून ताप येतो ना, त्यातून झालंय. एकवीस दिवसाला एक इंजेक्शन, कित्येक वर्षं. पळणं बंद, खेळ बंद, पुढंमागं झडप बदलावी लागेल. तू रडलास फोनवर. आठवतं?

जीवन : आठवतं.

निकिता : जाहिरात कधी लागली?

जीवन : मार्चमध्ये.

निकिता : म्हणजे दोन महिने होते तुझ्याकडं.

जीवन : दोन महिने नव्हते, ताई. क्लायंटनं फिल्म आधीच पास केली होती. एकदा पास झाली की... हो, मला बोलता आलं असतं. आवाज बदलायला तीन-चार दिवस होते. पण मी त्यांना सांगितलंच नव्हतं हा आवाज कोणाचा. लायब्ररीतला म्हणूनच दाखवला. लहान मुलीचा आवाज वापरायचा तर आईबापाची सही लागते, कागद लागतात. मी म्हटलं, आपल्याच घरातली पोरगी, सही काय मागायची.

निकिता : मागायची होतीस. मी दिलीही असती. आनंदानं दिली असती, हेच तर वाईट आहे.

जीवन : आता टाक की चहा.

निकिता : टाकते. स्वयंपाकघरातच ये, इथं बोललेलं शेजारच्या धुरपताबाईंना ऐकू जातं. भिंत एकच आहे. त्या काय म्हणाल्या ठाऊक आहे का ही जाहिरात बघून?

जीवन : काय?

निकिता : म्हणाल्या, "ह्या पोरीला कोणी पाणी का देईना?" सत्तरीच्या बाई. शाळेचं तोंड बघितलं नाही. तुझ्या त्या काचेच्या ऑफिसात एकालाही सुचलं नाही ते.

जीवन : सुचू नये म्हणूनच तर करतो आम्ही. तुला खरं सांगू? पुण्यात बारा जणांना एका खोलीत बसवून दाखवली. मधे काच असते, आम्ही पलीकडून बघतो. पोरगी पळते, धूळ उडते, तोपर्यंत कोणी मोबाइल बघतंय, कोणी बिस्किट खातंय. काळा पडदा आला आणि हा दम सुरू झाला, तशी सगळी माणसं सरळ बसली. एकजण तर साक्षीच्या चालीवर श्वास घ्यायला लागला. त्याला कळलंसुद्धा नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

निकिता : बुटांचं काय पण त्यात? बूट तर नीट दिसतही नाहीत.

जीवन : दीड सेकंद दिसतात. बूट विकायचेच नसतात. आम्हाला कंपनीनं दिलेलं ब्रीफ एका ओळीचं होतं. बसलेल्या माणसाला बसल्याची लाज वाटली पाहिजे. लाज वाटली की तो उठतो, उठला की त्याला पायात काहीतरी लागतंच.

निकिता : आणि ज्याला बसूनच राहायचंय त्यानं?

जीवन : त्याचा विचार नसतो ब्रीफमध्ये.

निकिता : साक्षीला वर्गाच्या खेळाच्या तासाला झाडाखाली खुर्ची टाकून देतात. मीच अर्ज दिलाय तसा. सगळ्या पोरी मैदानात आणि ही खुर्चीत. चारशे मीटरला तालुक्यात पहिली आलेली पोरगी, जीवन. ती खुर्चीत बसून तुमची जाहिरात मनात वाजवते.

जीवन : तिला तू समजावून सांगितलंस ना?

निकिता : सांगितलं? चित्र काढून दाखवलं. हृदयाचे चार कप्पे, झडप, रक्त कसं मागं येतं. बी.एस्सी. कामाला आली पहिल्यांदा. तिनं सगळं ऐकलं आणि मला म्हणाली, "मम्मी, डॉक्टर म्हणतात दम लागणं खराब हाय. मग माझाच दम टीव्हीवर का लावलाय?" तुला येतं का ह्याचं उत्तर? तुझा धंदा आहे.

जीवन : तिला कळलं कसं तिचा आहे ते?

निकिता : पहिल्यांदा ऐकला तेव्हाच कळलं. चक्क ताट सोडून उठली. "मी हाय! मम्मी, ही मी हाय!" ह्यांनी हसण्यावारी नेलं, मीही नेलं. मग गुपचूप ऐकली मी, डोळे मिटून. तिचंच गिळणं. तुझ्या भावजींना अजून बोलले नाही. ते तुला फोन लावतील आणि नको ते बोलतील. सध्या टीव्हीवर चादर टाकलीय. काही उपयोग नाही. मॅच असली की अख्ख्या गल्लीतून ऐकू येतो. प्रत्येक षटकानंतर माझी पोरगी धापा टाकते, ह्या घरातून, त्या घरातून.

जीवन : पूर्ण सीझन आहे ती, मे अखेरपर्यंत. आणि चार भाषांत आहे. मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड. वाक्य बदलतं, दम तोच ठेवलाय. साहेब म्हणाले, श्वासाचं भाषांतर करावं लागत नाही.

निकिता : काढून टाक म्हटलं तर?

जीवन : माझ्या हातात नाही.

निकिता : आणि साहेबांना खरं सांगितलं तर?

जीवन : तर फिल्म थांबेल कदाचित. चारसहा दिवसांनी दुसरा दम घालून परत लागेल. माझी नोकरी जाईल. तू म्हणशील तर सांगतो, ताई. खरंच सांगतो.

निकिता : असं तोंड करून सांगू नकोस. तू सांगणार नाहीस, आणि सांगून माझं काही भलंही होणार नाही. दम कोणाचाही घाला, बसल्याची लाज तशीच राहणार. मी तुला बोलावलंय ते वेगळ्यासाठी. मंगळवारचं तुला सांगितलं नाही फोनवर.

जीवन : काय झालं मंगळवारी?

निकिता : हिच्या शिकवणीच्या वर्गाबाहेर मोकळं मैदान आहे. पाच वाजता पोरी जमतात. हिनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, टीव्हीवरचा दम माझा आहे म्हणून. कोण मानतंय? पोरी म्हणाल्या, थापाडी. कोणी म्हणालं, आमच्या काकाचं पण पोट टीव्हीत दाखवलंय. मग हिनं काय करावं?

जीवन : काय केलं?

निकिता : म्हणाली, मी पळते. पळून आले की माझ्या तोंडाला कान लावा आणि दुसऱ्या कानाला मोबाइल. बघा एकच आहे का नाही. तीन फेऱ्या मारल्या, जीवन. एप्रिलच्या उन्हात. ती पालथी पडायला आली आणि पोरी रांगेत उभ्या. एका कानाला जाहिरात, एका कानाला माझी लेक. ज्ञानेश्वरी, तिची मैत्रीण, तीच रडत आली माझ्याकडं. "काकू, साक्षी उठंना गेलीय, पण पोरी अजून ऐकायल्यात."

जीवन : बापरे.

निकिता : मी चपला न घालता गेले. ओठ पांढरे. मला बघून काय म्हणाली असेल? "मम्मी, दोघीजणी मानल्या. तिघी राहिल्या." आता त्या तिघींसाठी परत पळणार आहे ती. कधी, ते मला सांगत नाही. मी रोज शिकवणीच्या फाटकाशी उभी राहते. शाळेच्या मधल्या सुट्टीत कोण उभं राहणार?

जीवन : बाईंना सांगून ठेव.

निकिता : ठेवलंय. बाई एक, पोरी पंचावन्न. आणि डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं ना परवा, जशी मीच तिला पळवलीय. त्यांना काय सांगू, की डॉक्टर, पोरगी सिद्ध करायलीय की ती जाहिरातीत आहे म्हणून?

जीवन : मी काय करू सांग. तिला मी समजावतो. शूटिंगमधली लबाडी सगळी सांगतो. जी पोरगी दिसते ना, ती दहा पावलं पळायची आणि छत्रीखाली जाऊन बसायची. घाम फवाऱ्यानं मारलेला. धूळ पंख्यानं उडवलेली. हे कळलं की तिचं वेड जाईल.

निकिता : जाणार नाही. ती म्हणेल, बघा, तिला पळता येत नाही म्हणून माझा दम घ्यावा लागला. मी तिची आई आहे, मला तिचं पुढचं वाक्य माहीत असतं. त्यापेक्षा एक कर. ती आली की तिच्या तोंडावर सांग की तो दम तिचा नाही.

जीवन : खोटं सांगू?

निकिता : हो. म्हण, तुझा घेतला होता, पण वापरला दुसरीचा. तिचा नाहीच म्हटल्यावर सिद्ध करायला काही उरणार नाही. चार दिवस रडेल, तुझ्यावर रुसेल. रुसू दे. मला ती रुसलेली चालते.

जीवन : सांगतो. हे बरंय. हे जमेल मला.

निकिता : लगेच जमेल म्हणालास.

जीवन : तूच म्हणतेस ना?

निकिता : मीच म्हणतेय. पण तुझा चेहरा हलका झाला एकदम. खोटं माझ्या पोरीसाठी बोलायचं आणि नोकरी तुझी वाचायची. असू दे. तुझी वाचली तर मला का वाईट वाटावं? घे, चहा घे. गवती चहा घातलाय.

जीवन : टोमणे मारत दिलेला चहा गोड लागत नाही, ताई.

निकिता : साखर कमी पडली असेल. आणि एक विचारायचं राहिलं. जाहिरातीतलं ते शेवटचं वाक्य. "दम लागू दे." हे कोणी लिहिलं? मला त्या माणसाला एकदा बघायचंय. ज्याच्या घरात आजारी माणूस नाही, ज्यानं कधी कोणाची छाती वरखाली होताना बघितली नाही, असाच माणूस लिहू शकतो ते.

जीवन : सोड ना आता.

निकिता : तूच ना?

जीवन : नाही. मी लिहिलेलं नाही.

निकिता : मग साहेबांनी?

जीवन : ताई, काय करायचंय तुला? वाक्य आहे एक. असली वाक्यं हवेत असतात, कोणीतरी उचलतं.

निकिता : तू नजर का चोरायलास? जीवन, त्या दिवशीचं मूळ रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडं? कापायच्या आधीचं?

जीवन : काढून टाकलं बहुतेक.

निकिता : तुझ्या मोबाइलमध्ये अकरावीचे फोटो आहेत अजून. लाव.

जीवन : नको ऐकूस. हात जोडतो. त्यात काही नाही.

निकिता : काही नाही तर लाव.

(जीवन मोबाइल चहाच्या कपांच्या मधे ठेवतो. धावत आलेल्या बुटांचा आवाज, मग धापा. त्यांच्यावरून बायकांचं बोलणं ऐकू येतं. निकिता वाकून ऐकते.)

निकिता : ही आई ना?

जीवन : आई. अंगणात शेंगा फोडत बसली होती.

निकिता : काय म्हणतेय? "निके, पोरीचं तोंड बघ की गं, पांढरंफटक पडलंय. हिला बसीव आधी." असं म्हणाली आई? मला आठवत कसं नाही?

जीवन : आणि हा मी. "आई, गप बस ना, रेकॉर्ड व्हायलंय."

निकिता : हसलं कोण हे?

जीवन : बंद करू का?

निकिता : हसलं कोण?

जीवन : तू.

निकिता : मी... थांब, पुढं... "आई, तू ना उगंच घाबरवतेस. पळाल्यावर लागतोच दम. लागू दे. दम लागू दे, सवय होईल तिला." हा माझा आवाज आहे?

जीवन : ताई.

निकिता : परत लाव.

जीवन : नाही लावणार.

निकिता : म्हणजे वाक्य पण माझंच.

जीवन : मी फक्त 'सवय होईल तिला' तेवढं काढून टाकलं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी पंचवीस-पंचवीस ओळी लिहून आणल्या होत्या. मी ही एक सांगितली. साहेब म्हणाले, हे आईनं म्हटल्यासारखं वाटतं, म्हणून खरं वाटतं. मला अभिमान वाटला होता गं तेव्हा. तुझा.

निकिता : पोळ्याच्या वेळी तिचे गुडघे सुजले होते. आधी एक, मग दुसरा, मग घोटा. आता डॉक्टर म्हणतात, तेच पहिलं लक्षण होतं. मी काय केलं? तिळाचं तेल गरम करून चोळलं आणि म्हटलं, खेळाडूंचे दुखतातच गुडघे. कुठं ऐकलं होतं मी ते, सांग बरं? कोणी सांगितलं होतं मला, की दुखलं तर दुखू द्यायचं, थांबायचं नाही, म्हणजे पोरगी मोठी होते?

जीवन : सगळीकडंच असतं ते.

निकिता : सगळीकडं म्हणजे तुमच्या जाहिरातींत. दहा वर्षं तुम्ही माझ्या कानात ओतलं, मी ते दिवाळीत अंगणात बोलून दाखवलं, आणि तू ते उचलून परत तुमच्याकडं नेलंस. मी बी.एस्सी. झाले, डब्यावरची बारीक अक्षरं वाचते, लसीच्या तारखा पाठ आहेत. आणि शेंगा फोडणाऱ्या बाईला जे एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही. मी हसले.

जीवन : तुझा काही दोष नाही ह्यात.

निकिता : मला धीर देऊ नकोस. तुला तेही फार छान जमत असेल. पुसून टाक ते. माझ्यासमोर पुसून टाक. नाही... राहू दे. मला पाठव.

जीवन : कशाला?

निकिता : आईचा आवाज आहे त्यात. बसीव म्हणतेय ती.

जीवन : ताई, फाटक वाजलं. आली बघ.

निकिता : तोंड पूस तुझं. मी बोललेले लक्षात आहे ना? तुझा नाही म्हणायचं. एवढंच. नटवून सांगायचं नाही, जास्तीचं काही जोडायचं नाही.

साक्षी : मम्मी, मामाच्या चपला दारात हायत! मामा! तू कवा आलास?

निकिता : हळू.

साक्षी : हळूच आले की. कोपऱ्यापासून पावलं मोजत आले. एकशेचाळीस. मामा, तू लय बारीक झालास. पुण्यात जेवायला देत न्हाईत का?

जीवन : देतात, पण तुझ्या आजीच्या हातचं नाही ना. ये, बस. कशी आहेस?

साक्षी : बरी हाय. इंजेक्शन लय दुखतंय, दोन दिवस लंगडत चालावं लागतंय. मामा, बसायला टाइम न्हाई. ज्ञानेश्वरी बाहेर थांबलीय, आणि त्या राहिलेल्या तिघी. तू फक्त दारात ये आणि त्यांना सांग.

जीवन : काय सांगू?

साक्षी : अरे, टीव्हीवरचा दम माझा हाय म्हणून! त्या तिघी मानायल्याच न्हाईत. तू सांगितल्यावर मानतील. तूच बनवलीस ना ती? त्यांना वाटतंय, मामा हाय हे पण मी खोटंच सांगायलेय. चल ना.

निकिता : साक्षी, मामाला तुझ्याशी बोलायचंय आधी. ऐकून घे.

साक्षी : आल्यावर बोल की. उन्हात उभ्या हायत त्या.

जीवन : साक्षी, तो दम तुझा नाहीए, बाळा.

साक्षी : चल, फेकू नकोस.

जीवन : खरंच. तुझा रेकॉर्ड केला होता मी, दिवाळीत. पण शेवटी नाही वापरला. दुसऱ्या एका मुलीचा आहे तो. मुंबईच्या.

साक्षी : पण त्यात मधेच गिळलेलं ऐकू येतंय. मी तसंच गिळते. मम्मीला इचार.

जीवन : पळाल्यावर सगळेच गिळतात गं.

साक्षी : मम्मी?

निकिता : मामानं बनवलीय ना जाहिरात? मग मामाला माहीत असणार. झालं आता. ज्ञानेश्वरीला सांग, घरी जा म्हणावं. हात धू, जेवायला वाढते.

साक्षी : मग माझा गेलाच न्हाई का तिथं?

जीवन : गेला होता की.

साक्षी : ऐकला साहेबांनी?

जीवन : हो, म्हणजे... ऐकला.

साक्षी : आणि ऐकून नको म्हणाले.

जीवन : तसं नाही. आवडला सगळ्यांना. फक्त तो दुसरा जरा जास्त...

निकिता : जीवन!

जीवन : म्हणजे तिथं मशीन चांगली असतात, आवाज स्वच्छ येतो, एवढंच. तू मनाला लावून घेऊ नकोस. ती मुलगी तर पळालीसुद्धा नव्हती. खुर्चीत बसून काढला तिनं आवाज.

साक्षी : बसून?

जीवन : बसून. सगळं खोटं असतं त्यातलं.

साक्षी : बसून काढलेला पण माझ्यापेक्षा चांगला होता?

निकिता : साक्षी, इकडं ये. माझ्याकडं बघ. ह्याच्यात चांगलं-वाईट असं काही नसतं. कळलं का? कोणी तुला नापास केलेलं नाही.

साक्षी : मम्मी, तू थांब जरा. मामा, तुला एक इचारू? तू रागावणार न्हाईस ना?

जीवन : विचार ना.

साक्षी : त्या दिवशी मी शेतातून सलग पळाले न्हाई. नाल्यापाशी लय दुखायलं छातीत, म्हणून चिंचेपर्यंत चालले होते. कोणालाच सांगितलं न्हाई मी. तिथं चालले नसते, तर घेतला असता ना माझा?